आपली गोष्ट लिहितं कोण?

इंजिनिअरिंगला यायचं हे नक्की कुणी ठरवलं? आपण, बाबांनी, की बारावीच्या मार्कांनी? नवी मुंबईतल्या आमच्या हॉस्टेलवर केटीचा निकाल लागला की हा विषय हमखास निघतो.

स्पेनच्या मिगेल द उनामुनो यांनी १९१४ सालच्या ‘निएब्ला’ (म्हणजे धुकं) या कादंबरीत तो टोकाला नेला. नायक आउगुस्तो जीव द्यायचं ठरवतो आणि थेट सालामांकाला लेखकालाच भेटायला जातो. लेखक सांगतो, तू माझ्या कल्पनेतला, तुला तोही अधिकार नाही. आता मीच तुला मारणार! मग आउगुस्तोला जगावंसं वाटू लागतं. तो उलटून बजावतो, तुम्हीही मरणार, आणि वाचणारेही.

आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) हाच प्रश्न हॉस्टेलवर राहायला येतो. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. धाकटी बहीण मनी मरते, आणि का, याला उत्तर नसतं. शेवटी तो गावी परततो. कथानक विस्कळीत, मध्येच डायरी. पण जगणंच असं तुटक असेल तर गोष्ट सरळ कशी येणार?

मला फरक दिसतो तो असा. आउगुस्तोची गोष्ट दुसरा लिहितो, म्हणून तो भांडतो. पांडुरंग स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो, तरी जगणं त्याच्या हातात नसतं. सांगणं मात्र असतं, आणि तेवढं तो कुणाला देत नाही.