पत्त्याएवढ्या बोर्डावर रात्रभराचं नाटक

मूल गावातल्या आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाडीपट्टीच्या नाटकांच्या बावीस डीव्हीडी पडून होत्या. दिवाळी सरली, धान घरात आलं, की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर झालं, पण जुन्या खेळांची चित्रणं अजून अशीच डब्याडब्यांत आहेत. आमच्या डीव्हीडी प्लेअरची लेन्स गेली आणि ती बदलून देणारा कोणी सापडेना. टीव्ही मात्र ठणठणीत होता. फक्त ‘स्मार्ट’ नव्हता. तेव्हा मी रास्पबेरी पाय घेतला.

हा एका पाटीवर मावलेला अख्खा संगणक. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६, म्हणजे खेळायच्या पत्त्यापेक्षा किंचित लहानच. २९ फेब्रुवारी २०१२ला तो बाजारात आला. केंब्रिजच्या मंडळींनी तो शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून बनवला होता. पण त्याला एचडीएमआयचं तोंड होतं, आणि ते दिसताच लोकांनी तो टीव्हीला जोडला.

पहिल्या पायची गती ७०० मेगाहर्ट्‌झ आणि मेमरी २५६ एमबी. त्या काळचे बरेच स्मार्टफोन याहून तगडे. मग तो फुल एचडी सिनेमा न अडखळता कसा दाखवायचा? थोडा हिशेब करू. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक चित्र सहा एमबीचं. सेकंदाला पंचवीस चित्रं म्हणजे दीडशे एमबी. तीन तासांचं नाटक असं जसंच्या तसं साठवायचं तर दीड हजार जीबीहून जास्त जागा लागेल. म्हणून चित्रण दाबून ठेवतात.

दाबायची युक्ती नाटकावरूनच सांगतो. रंगमंचावर मागचा राजवाड्याचा पडदा, बाजूचे खांब, सिंहासन हे सगळं जागचं हलत नाही. हलतो तो खलनायकाचा हात आणि त्याची मिशी. मग एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त फरक लिहायचा: हात इथून तिथे सरकला, बाकी आधीसारखंच. प्लेअर हे फरक वाचून चित्र पुन्हा उभं करतो. हे काम साध्या प्रोसेसरवर टाकलं तर जुना पाय धापा टाकतो. म्हणून त्याच चिपमध्ये एक कोपरा केवळ याच कामासाठी कोरलेला असतो. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे मात्र तो झोपेतही करतो.

मेख अशी की हा कोपरा ठरावीक भाषाच वाचतो. एच.२६४ नावाची पद्धत पहिल्या पायलाही वाचता येई. एच.२६५ची फाइल जुन्या पायवर अडते. २०१९च्या पाय ४ला ती वाचता येते. डीव्हीडीवरची पद्धत एमपेग-२ ही तर त्याहून जुनी. सुरुवातीच्या पायला ती वाचायची परवानगी वेगळे पैसे देऊन विकत घ्यावी लागे. पाय ४चा मुख्य प्रोसेसर डीव्हीडीचं काम स्वतःच उरकतो. माझा माल डीव्हीडीचा, म्हणून मी पाय ४ घेतला, दोन जीबीचा. यासाठी जास्त मेमरी घेण्यात अर्थ नाही.

पुढचं सोपं. संगणकावरून मेमरी कार्डावर लिब्रेएलेक नावाची फुकट प्रणाली उतरवायची, कार्ड पायमध्ये सारायचं, वायरी लावायच्या. पाय ४ला एचडीएमआयची दोन तोंडं असतात. विजेची वायर लागते त्या तोंडाशेजारचं घ्या. मिनिटाच्या आत तिच्यातल्या कोडी या प्लेअरचा पडदा येतो. नवा रिमोट लागत नाही, कारण एचडीएमआयच्या वायरीतल्याच एका तारेतून टीव्हीच्या रिमोटची बटणं पायपर्यंत पोचतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करावी लागते, आणि प्रत्येक कंपनीनं तिचं वेगळंच बारसं केलंय: कुठे एनीनेट, कुठे सिंपलिंक, कुठे ब्राव्हिया सिंक.

संगणकावर डीव्हीडींच्या फाइली उतरवताना दोनदा ठेचकाळलो. एका नाटकाची फाइल चार जीबीच्या वर गेली आणि पेन ड्राइव्ह ती घेईना. तो फॅट-३२ पद्धतीनं आखलेला होता आणि तिथे एका फाइलला चार जीबीचीच मर्यादा. एक्सफॅट केल्यावर घेतली. दुसरं म्हणजे पात्र झपकन वळलं की त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत. जुनं चित्रण एकाआड एक ओळींनी केलेलं असतं, म्हणून. कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू केलं आणि दाते गेले. (उतरवलेलं घरापुरतं ठेवावं. वाटत सुटू नये. नाटक कंपन्यांची पोटं तिकिटावर आहेत.)

नंतर सगळी नाटकं मोठ्या हार्डडिस्कवर टाकली आणि खरी पंचाईत तिथे झाली. दुसरा अंक रंगात आला आणि चित्र गोठलं. शेजारचे काका म्हणाले, “काहून थांबला गा नाटक?” हार्डडिस्क टकटक करत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेची छोटी पिवळी खूण लुकलुकत होती. मी कार्ड बदललं, प्रणाली पुन्हा टाकली, दोन संध्याकाळी घालवल्या. दोष होता मोबाइलच्या जुन्या चार्जरचा आणि त्याच्या बारीक वायरीचा. पाय ४ला पाच व्होल्ट, तीन अँपिअर लागतात. व्होल्टेज ४.६३च्या खाली घसरलं की ती खूण येते. शिवाय पाय ४च्या सगळ्या यूएसबी तोंडांतून मिळून १.२ अँपिअरच मिळतात; फिरती तबकडी असलेली डिस्क सुरू होताना त्यातले बरेचसे खाते. पायसाठीचा खास चार्जर आणला, डिस्क वेगळी वीज घेणाऱ्या हबवर लावली, आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून बोर्डावर संशय घेण्याआधी मी वायर बघतो.

आपल्याकडचा उन्हाळा हीही गोष्ट आहे. ८० अंशांना चिप स्वतःहून हळू होऊ लागते. मे महिन्यात कवेलूंखालची खोलीच चाळिशी गाठते, म्हणजे बंद प्लॅस्टिकच्या डबीत उसंत उरत नाही. पंखे-बिंखे न लावता पूर्ण ॲल्युमिनियमची डबी घेतली. तिचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते.

विजेचा खर्च नगण्य. पाच वॅट धरले आणि रोज चार तास चालवला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. पण वीज अचानक गेली आणि नेमकं तेव्हाच कार्डावर काही लिहिणं चालू असलं तर कार्ड बिघडू शकतं. आमचा पाय आता इन्व्हर्टरवर आहे. बंद करायची पद्धत आईला एकदाच दाखवली: आधी कोडीतून बंद करायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबायचं, मग खटका दाबायचा. नाटक संपलं की ती चष्मा सारखा करून त्या दिव्याकडे बघत बसते, आणि तोवर कोणाला बटणाजवळ जाऊ देत नाही.