फास, पंचनामा आणि चिंकारा

उन्हाळ्यात माळावरची गस्त पाणवठ्यापासून सुरू होते. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीकडचा वनरक्षक चिखलातले खूर पाहतोच, पण त्याची नजर जास्त शोधते ती बुटांचे ठसे, मोटारसायकलच्या चाकोऱ्या आणि झुडपाच्या बुंध्याला बांधलेली तार. चिंकारा आणि ससा ठरावीक पायवाटांनी पाण्यावर येतात. त्या वाटा शिकाऱ्यालाही पाठ असतात. क्लचच्या तारेचा फास वाळलेल्या गवतात दोन पावलांवरूनही दिसत नाही.

रात्रीची शिकार वेगळी. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की हरिण क्षणभर जागीच थबकते. बंदुकीला तेवढा वेळ पुरतो.

बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली जाहीर झाले, ते प्रामुख्याने चिंकाऱ्यासाठी. त्याचे क्षेत्र अवघे 5.14 चौरस किलोमीटर. सगळे चिंकारे एवढ्यात मावत नाहीत. ते वनविभागाच्या इतर जमिनींवर, गायरानात, शेतांच्या बांधांवर चरतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथेही तितकाच लागू आहे. चिंकारा त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. गुन्हा सिद्ध झाला तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड.

अडचण ‘सिद्ध झाला तर’ इथेच आहे.

शिकार झाल्याचे कळते तेव्हा बहुधा कातडे पुरलेले असते आणि मटण चुलीवर चढलेले असते. मग पंचांसमोर पंचनामा होतो. रक्ताची माती, केस, सुरा, पातेल्यातला तुकडा, प्रत्येक वस्तू वेगळी बांधून सीलबंद केली जाते. शिजलेल्या मटणातूनही डीएनएवरून प्राणी ओळखता येतो; हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेने हे तंत्र विकसित केले आहे. नमुना मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, त्याने डीएनए खराब होतो. अधिकार मिळालेल्या सहायक वनसंरक्षकाने आरोपीच्या समोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. सील, सही, वेळ यांत कुठे विसंगती राहिली, तर बचावाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

नुकसान एका जनावरापुरते राहत नाही. चिंकारा मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते. ती मारली गेली की दूध पिते पाडसही वाचत नाही. याच माळावर लांडगा आहे. ससे, हरणे घटली की तो मेंढ्यांच्या वाड्याकडे जास्त वळतो आणि शिकाऱ्याच्या रश्शाची किंमत मेंढपाळ मोजतो. म्हणूनच वनविभागाला या कामात सर्वांत मोठी मदत मेंढपाळांची होऊ शकते. दिवसभर माळावर असणाऱ्या माणसाला अनोळखी गाडी, अवेळी भुंकणारी शिकारी कुत्री आणि झाडाखाली एकवटलेले कावळे आधी दिसतात.

फास किंवा मेलेले जनावर दिसले, तर हात लावू नका, जागा तुडवू नका, शिकाऱ्यांना स्वतः अडवायला जाऊ नका. गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण टिपून वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच कळवा. सकाळपर्यंत थांबलात, तर पुरावा उरेलच असे नाही.