लेखांक ७ : ‘राहू दे’ म्हणजे काय?

गेल्या आठवड्याच्या लेखावर सर्वांत जास्त पत्रं आली ती बायकांची. मुलांबद्दल लिहीत होते तोवर पत्रांत शाळा, थेरपी, प्रमाणपत्र असले विषय असायचे. ‘मोठी माणसंही ऑटिस्टिक असतात आणि कित्येकांना ते चाळिशीत कळतं’ एवढं एक वाक्य लिहिलं आणि पत्रांचा सूरच पालटला. एकीने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘आमचे हे तसेच असावेत. पंचवीस वर्षं मी त्यांना दगड समजत आले.’ त्या दोन ओळींसाठी आजचा लेख. उदाहरणं माझ्याच घरातली आहेत. नवऱ्याने लेख वाचून छापायला होकार दिलाय, शिवाय एक दुरुस्तीही सुचवली आहे. ती जागच्या जागी येईलच.

लग्नाला चार वर्षं झाली होती. आम्ही मंडईतून येत होतो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. एकीत कांदे-बटाटे, दुसरीत लाल भोपळ्याची फोड आणि नारळ. (दुरुस्ती : नारळ दोन होते.) बिल्डिंगच्या दाराशी त्याने विचारलं, ‘एक घेऊ का?’ मी म्हटलं, ‘राहू दे.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि जिना चढू लागला. आमच्याकडे तेव्हा लिफ्ट नव्हती आणि घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर वाटलं, आता वळेल. दुसऱ्यावर पिशवीचा बंद बोटांत रुतायला लागला. तिसऱ्यावर पोचले तर हा कुलूप काढून दार धरून उभा, चेहरा अगदी कोरा. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, ‘तू बोलत नाहीयेस हे मला कळलंय. कारण कळलेलं नाही.’ मला ते शुद्ध नाटक वाटलं.

आता नीट बघा, त्याचं काय चुकलं? त्याने विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं, त्याने ते मानलं. मला हवं होतं ते असं, की त्याने ‘दे गं इकडे’ म्हणत पिशवी ओढून घ्यावी, मी ‘अरे कशाला’ म्हणावं आणि मग सोडावी. म्हणजे ‘राहू दे’ ही माझ्या बाजूने एका छोट्या खेळाची सुरुवात होती, आणि तो खेळ आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मराठी घरात असे खेळ पावलोपावली असतात. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘कशाला उगाच’ म्हणजे आणाच. ‘पोट भरलं’ हे तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय पंगतीत कुणी खरं धरत नाही, आणि पाहुणा ‘चला, निघतो’ म्हणाला तरी दारात अर्धा तास उभ्यानं गप्पा व्हायच्याच असतात. बहुतेक मुलं हे सगळं बघून-ऐकून उचलतात. काहींना ते उचलता येत नाही, कुणी स्पष्ट सांगितलं तर मात्र पक्कं लक्षात राहतं. माझा नवरा नारळ ‘वाढवतो’ असंच म्हणतो, कारण आजीने लहानपणी कारणासकट सांगितलं होतं. ‘राहू दे’चं कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

नवरा ऑटिस्टिक आहे हे आम्हाला कळलं ते मुलामुळे. तो पाच वर्षांचा असताना त्याची तपासणी झाली, ती हकिगत तिसऱ्या लेखांकात आली आहे. तिथली प्रश्नावली वाचता वाचता नवरा म्हणाला, ‘यातलं निम्मं माझ्याबद्दल आहे.’ ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पोराच्या निमित्ताने बापाला स्वतःची ओळख पटणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. रीतसर निदान झालं तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो, त्या शब्दाशी माझं भांडण आहे. १९११ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि तो शब्द या मुलांना कायमचा चिकटला. मराठीने त्याचा इमानाने अनुवाद केला. पण ‘स्वमग्न’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो आपल्यातच रमलेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला माणूस, आणि घरात भांडण पेटलं की नेमका हाच आरोप ओठांवर येतो. म्हणून मी या लेखमालेत शक्यतो ‘ऑटिस्टिक’ लिहिते. कानाला थोडं खटकतं, पण निदान खोटं तरी बोलत नाही.

शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं हाच आरोप सभ्य भाषेत केला. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी केलेला एक प्रयोग फार गाजला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, तिच्यामागे ॲन ती काढून खोक्यात टाकते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? वीस ऑटिस्टिक मुलांपैकी सोळा ‘खोक्यात’ म्हणाली. त्यावरून निघालेलं अनुमान असं, की दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज या मुलांना बांधता येत नाही. अनुमान हळूहळू फुगत गेलं आणि ‘यांना सहानुभूतीच नसते’ इथवर पोचलं.

त्याला चोख उत्तर दिलं डेमियन मिल्टन यांनी. हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मधल्या त्यांच्या निबंधाचा मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर टाळी एका हाताने वाजत नाही, तसा गैरसमजही एका बाजूने होत नाही. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणता, मग इतरांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? आपण संख्येने जास्त, म्हणून आपलं न कळणं दोषात धरलं जात नाही, एवढंच.

मग २०२० मध्ये एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी चक्क कानगोष्टींचा खेळ मांडला. आठ-आठ माणसांच्या साखळ्या केल्या. काही फक्त ऑटिस्टिक माणसांच्या, काही फक्त इतरांच्या, काही मिश्र. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. ऑटिस्टिक साखळीने गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचवली, तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत. पुढे याच मंडळींनी हा खेळ खूप मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला. २०२५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत मिश्र साखळ्याही मागे पडलेल्या नव्हत्या. म्हणजे ‘मिश्र जोडी हमखास अडखळते’ असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही वेळा टिकलेली गोष्ट एकच, ऑटिस्टिक माणसं सांगण्या-ऐकण्यात कमी पडत नाहीत.

मला यात एक साधी गोष्ट दिसते. प्रयोगात सांगायचं ते सगळं शब्दांत होतं. घरात ते शब्दांत असतंच कुठे? ‘एवढी वर्षं झाली, न सांगता कळायला नको?’ या वाक्यावर आपले किती संसार चालतात आणि किती कुढतात!

आता अबोल्याविषयी, कारण पत्रांत सर्वाधिक तक्रार त्याचीच आहे. माझ्या मावसभावाचं लग्न होतं. मंगल कार्यालयात सकाळपासून सनईची रेकॉर्ड, व्हिडिओवाल्याचा तोंडावर मारलेला दिवा, अत्तर, फुलं आणि तळणाचा एकत्र वास, वाटेत अडवून ‘ओळखलंस का मला?’ विचारणारे काका, पानात आग्रहाची जिलबी. घरी आल्यावर नवरा खोलीचं दार लोटून अंधारात पडला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलला नाही. मी अर्थ काढला, माझ्या माहेरचा राग. कारण मला गप्प बसण्याचा एकच उपयोग माहीत होता. अबोला हे आमच्या घराण्यातलं पिढीजात हत्यार, आणि मंडईनंतर मी ते चालवलंही होतं. त्याचं गप्प बसणं मी माझ्या शब्दकोशातून वाचलं.

प्रत्यक्षात तो शटडाऊन होता. आवाज, उजेड, वास, स्पर्श कुणाला फार तीव्रतेने जाणवतात, कुणाला फार कमी. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ही संवेदनांची बाब ऑटिझमच्या निकषांमध्ये आली ती २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, इतक्या उशिरा. सोसण्याची हद्द ओलांडली की काहींचं बोलणं अक्षरशः बंद पडतं. मनात शब्द असतात, पण ते तोंडापर्यंत येत नाहीत. अशा वेळी ‘काय झालंय? सांगशील का? माझ्याकडे बघून बोल’ हा भडिमार म्हणजे बुडत्याला पोहण्याचं तंत्र समजावणं. (एरवीसुद्धा ‘माझ्याकडे बघून बोल’ हे मी आता म्हणत नाही. नजरेला नजर दिली की त्याचं अर्धं लक्ष नजर सांभाळण्यात जातं. गाडीत, दोघं समोर रस्त्याकडे बघत असताना, आमचं सर्वांत चांगलं बोलणं होतं.)

आम्ही एक युक्ती काढली. ओट्याच्या कोपऱ्यात एक स्टीलचं फुलपात्र असतं. ते पालथं दिसलं की समजायचं, आत्ता बोलणं नको. प्रश्न विचारायचे नाहीत, रागाचा अर्थ लावायचा नाही, फार तर चहा ठेवून निघून यायचं. पण दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत ज्याने पालथं घातलं त्यानेच ते सुलटं करायचं, आणि एक वाक्य तरी बोलायचं किंवा लिहून पाठवायचं. ही दुसरी अट माझी. कारण ‘तो तसाच आहे, तू समजून घे’ हे वाक्य मी सासर-माहेर मिळून इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची चीड येते. समजून घ्यायचं कंत्राट काय फक्त बायकोने घेतलंय? ऑटिझम हे न बोलण्याचं कारण असू शकतं, अपमान करायचा परवाना नाही. आणि जिथे बायको ऑटिस्टिक असते तिथे ‘समजून घे’ नवऱ्याला कितीसं सांगितलं जातं? ती सासरी ‘शिष्ट’ ठरते. नाहीतर दिवसभर हसरा मुखवटा चढवून वावरते आणि रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडते. अशा बायकांवर एक स्वतंत्र लेखांक लिहायचा आहे.

पत्रातल्या ‘दगडा’कडे येते. माझे सासरे गेले त्या दुपारी नवऱ्याने भाड्याने आणलेला ऑक्सिजन सिलिंडर परत केला, अनामत रक्कम घेतली आणि पावती फाइलला लावली. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, ‘डोळ्याला टिपूस नाही.’ तेरावा झाला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही. ‘तुला काय वाटतंय?’ या प्रश्नाला उत्तर ‘माहीत नाही.’ आणि ते खरं होतं. आपल्याला होतंय ते दुःख आहे की राग की भीती, हे न ओळखता येण्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ च्या एका आढाव्यात तो साधारण निम्म्या ऑटिस्टिक माणसांत आढळला, इतरांत शंभरात पाच जणांमध्ये. भावना नसते असं नाही. तिच्यावर नावाची चिठ्ठी नसते.

म्हणून मी प्रश्न बदलला. कुठे दुखतं? कधीपासून? दिवसातून कधी वाढतं? शेवटच्या प्रश्नावर तो थांबला. मग म्हणाला, ‘साडेसहाला.’

साडेसहाला बाबा फिरून यायचे आणि दोनदा बेल वाजवायचे.

हे बोलणं झालं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले होते. फुलपात्राचा प्रकार त्यांना मुळीच पसंत नव्हता. ‘घरात खुणेनं बोलायला आपण काय मुके आहोत?’ असं त्या सुरुवातीला म्हणाल्या होत्या, आणि दोन-तीनदा त्यांनी ते सवयीने विसळून, पुसून जागेवर लावूनही टाकलं होतं.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, त्या संध्याकाळी नणंदा आणि त्यांची मुलं गेल्यावर मी भांडी आवरायला ओट्याशी गेले. कोपऱ्यात फुलपात्र पालथं. नवरा तर पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला होता. सासूबाई गॅलरीत खुर्ची रस्त्याकडे वळवून बसल्या होत्या. मी चहा केला, आलं घालून, त्यांना आवडतो तसा. कप कठड्यावर ठेवला आणि काही न विचारता आत आले.