लॅपटॉपचा पडदा (पृष्ठभाग व रिझोल्यूशन)

लॅपटॉपचा पडदा म्हणजे लॅपटॉप संगणकाच्या झाकणात बसवलेला सपाट दृश्यपटल होय. बाह्य पृष्ठभागानुसार या पडद्याचे चकचकीत आणि मॅट असे दोन मुख्य प्रकार पडतात. पडद्यावरील आडव्या व उभ्या पिक्सेलांच्या संख्येला रिझोल्यूशन असे म्हणतात. मराठी पारिभाषिक लेखनात त्यासाठी 'विभेदन' हा शब्दही वापरला जातो. पृष्ठभाग आणि रिझोल्यूशन हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत. बाहेरून येणाऱ्या प्रकाशाचे पडद्यावर काय होते हे पृष्ठभागावर अवलंबून असते, तर अक्षर किती बारकाव्याने उमटते हे रिझोल्यूशनवर अवलंबून असते. पृष्ठभागाचा दोष बसण्याची जागा बदलून किंवा चिकटफिल्म लावून बऱ्याच अंशी कमी करता येतो. परंतु पिक्सेलांची संख्या पडदा न बदलता वाढवता येत नाही. देवनागरी लिपीला इतक्याच आकाराच्या रोमन अक्षरांपेक्षा अधिक पिक्सेल लागत असल्याने मराठी वाचकाच्या दृष्टीने हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

## पृष्ठभागाचे प्रकार

### चकचकीत पडदा

चकचकीत पडद्याचा बाह्य थर गुळगुळीत काचेचा किंवा प्लास्टिकचा असतो. हवा आणि सुमारे १.५ अपवर्तनांक असलेली काच यांच्या सीमेवर, समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने हे परावर्तन आरशासारखे नियमित असते आणि खिडकी, दिवा किंवा वाचकाचा चेहरा यांची स्पष्ट प्रतिमा पडद्यात दिसते. आतून येणारा प्रकाश मात्र न विखुरता बाहेर पडतो. त्यामुळे मंद उजेडाच्या खोलीत अशा पडद्यावरील काळा रंग गडद आणि इतर रंग उठावदार दिसतात. स्पर्शपडदे आणि ओएलईडी पडदे बहुतांशी चकचकीत असतात.

### मॅट पडदा

मॅट पडद्याच्या बाह्य थरावर अतिसूक्ष्म खडबडीतपणा असतो. त्यावर पडलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो अनेक दिशांना विखुरला जातो. त्यामुळे खिडकीची रेखीव प्रतिमा दिसण्याऐवजी पडद्यावर फिकट धूसर उजेड पसरतो. आतून येणारा प्रकाशही थोडा विखुरत असल्याने काळा रंग किंचित राखाडी भासतो. पिक्सेल फार लहान असतील आणि थराचा पोत त्यांच्या मानाने जाड असेल, तर पांढऱ्या पानावर वाळूसारखी बारीक चमचम दिसते. म्हणूनच अधिक रिझोल्यूशनच्या पडद्यांसाठी अधिक बारीक पोताचा थर वापरावा लागतो.

### परावर्तनरोधक लेप

परावर्तनरोधक लेप आणि मॅट थर या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. मॅट थर प्रकाश विखुरतो, तर परावर्तनरोधक लेप मुळातच कमी प्रकाश परत पाठवतो. या लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवलेली असते. लेपाच्या वरच्या आणि खालच्या सीमेवरून परतणाऱ्या लहरी परस्परांना बऱ्याच अंशी नष्ट करतात. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थरासाठी ही जाडी सुमारे १०० नॅनोमीटर असते आणि त्यामुळे काचेचे परावर्तन ४ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत येते. बहुस्तरीय लेपांनी ते १ टक्क्याखाली आणता येते. चष्म्याच्या भिंगांवर दिसणारी हिरवट-जांभळी झाक अशाच लेपाची असते.

## प्रकाश आणि वाचनीयता

पडद्याची तेजस्विता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात; व्यवहारात याच एककाला 'निट' म्हणतात. सर्वसाधारण स्वस्त लॅपटॉपचा पडदा २२० ते २५० निट प्रकाश देतो. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. ट्यूबलाइटने उजळलेल्या वर्गात किंवा कार्यालयात साधारण ३०० ते ५०० लक्स, मोकळ्या जागेतील सावलीत सुमारे १०,००० लक्स आणि भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो.

पांढऱ्या भागाची तेजस्विता २५० निट आणि काळ्या भागाची ०.२५ निट असलेला पडदा अंधारात १,००० : १ काँट्रास्ट दाखवतो. प्रत्यक्ष वापरात परावर्तित प्रकाश दोन्ही भागांत सारखाच मिसळतो आणि हे गुणोत्तर झपाट्याने घटते. पुढील उदाहरणांवरून याची कल्पना येते.

* चकचकीत पडद्यात ३,००० निट तेजाच्या आकाशाची खिडकी दिसत असेल, तर ४ टक्के परावर्तनामुळे त्या जागी १२० निट प्रकाश मिसळतो. काँट्रास्ट सुमारे ३ : १ उरतो.
* त्याच पडद्यावर परावर्तन १ टक्का करणारा लेप असल्यास ३० निट प्रकाश मिसळतो आणि काँट्रास्ट सुमारे ९ : १ राहतो.
* ४ टक्के प्रकाश सर्व दिशांना समान विखुरणाऱ्या आदर्श मॅट पडद्यावर ५०० लक्स प्रकाश पडल्यास केवळ ६ निटच्या आसपास प्रकाश मिसळतो. काँट्रास्ट सुमारे ३९ : १ मिळतो.
* त्याच मॅट पडद्यावर मोकळ्या सावलीत १०,००० लक्स प्रकाश पडल्यास काँट्रास्ट सुमारे ३ : १ होतो आणि थेट उन्हात तो १.२ : १ इतका खाली येतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. खोलीत, खिडकी किंवा दिवा पाठीमागे असताना मॅट पडदा स्पष्टपणे सरस ठरतो. थेट उन्हात मात्र मॅट थरही निरुपयोगी ठरतो. तेथे पडद्याची स्वतःची तेजस्विता आणि कमी परावर्तन यांनाच महत्त्व असते. काळ्या पार्श्वभूमीवरील मजकुरात प्रतिबिंब अधिक जाणवते, पांढऱ्या पानावर ते कमी जाणवते.

स्थिर टेबलावर लॅपटॉप वळवून खिडकी बाजूला घेता येते. प्रवासात ही सोय नसते. पुणे–लोणावळा लोकलने शिवाजीनगर, खडकी, दापोडी असा प्रवास करताना खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाची दिशा रुळांच्या वळणाबरोबर बदलत राहते. अशा वापरासाठी मॅट पडदा सोयीचा असतो, कारण विखुरलेला उजेड दिशा बदलली तरी एखाद्या ठिकाणच्या ओळी पूर्णपणे झाकून टाकत नाही.

## रिझोल्यूशन आणि पिक्सेलघनता

केवळ रिझोल्यूशनवरून पडद्याची स्पष्टता कळत नाही. त्यासाठी पडद्याचा आकार लक्षात घेऊन दर इंचात येणाऱ्या पिक्सेलांची संख्या, म्हणजेच पिक्सेलघनता काढावी लागते. आडव्या व उभ्या पिक्सेलांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला पडद्याच्या कर्णाच्या इंचांतील लांबीने भागावे.

| रिझोल्यूशन | एकूण पिक्सेल | १४ इंची पडद्याची घनता | १५.६ इंची पडद्याची घनता |
|---|---|---|---|
| १३६६ × ७६८ | सुमारे १०.५ लाख | ११२ | १०० |
| १९२० × १०८० | सुमारे २०.७ लाख | १५७ | १४१ |
| २५६० × १४४० | सुमारे ३६.९ लाख | २१० | १८८ |
| ३८४० × २१६० | सुमारे ८२.९ लाख | ३१५ | २८२ |

निरोगी डोळा साधारणपणे एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. ६० सेंटिमीटर अंतरावर हा कोन ०.१७ मिलिमीटरशी, म्हणजे दर इंचात सुमारे १४५ पिक्सेलांशी जुळतो. ५० सेंटिमीटरवर तो सुमारे १७५ पिक्सेलांशी जुळतो. त्यामुळे १९२० × १०८० रिझोल्यूशनचा १५.६ इंची पडदा नेहमीच्या अंतरावरून या मर्यादेच्या जवळपास पोहोचतो, तर १३६६ × ७६८ चा पडदा तिच्या बराच खाली राहतो. ३८४० × २१६० चा लाभ छायाचित्रे व आरेखनाच्या कामात होतो. मात्र त्यासाठी चित्रप्रक्रियेचा भार आणि वीजवापर वाढतो.

### मोजमाप आणि अक्षराचा आकार

अधिक रिझोल्यूशनमुळे अक्षरे बारीक होतात, ही तक्रार रिझोल्यूशनपेक्षा संगणकातील मोजमापाच्या मांडणीशी संबंधित असते. विंडोजमध्ये १०० टक्के मोजमापावर १२ पॉइंटचे अक्षर १६ पिक्सेलांत काढले जाते. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ रिझोल्यूशन असताना या १६ पिक्सेलांची उंची सुमारे ४ मिलिमीटर भरते, तर १९२० × १०८० असताना ती २.९ मिलिमीटरच होते. मोजमाप १५० टक्के केल्यास तेच अक्षर २४ पिक्सेलांत काढले जाऊन ४.३ मिलिमीटर उंच होते. म्हणजेच आकार जवळपास पूर्वीइतका राहतो, पण अक्षर रेखाटण्यासाठी दीडपट पिक्सेल मिळतात. मोजमाप न बदलता रिझोल्यूशनच कमी करणे हा उपाय योग्य नाही, कारण त्यामुळे अक्षरांच्या कडा धूसर होतात.

## देवनागरी लिपी आणि पडदा

देवनागरी अक्षर उभ्या दिशेने तीन भागांत मांडले जाते: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचे मुख्य अंग, आणि खाली उकार, ऋकार व काही जोडाक्षरांचे भाग. अक्षरासाठी १६ पिक्सेल उंची असेल, तर टंकानुसार त्यातील सुमारे निम्मीच मुख्य अंगाच्या वाट्याला येते. तेवढ्या जागेत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांतील फरक एखाद-दुसऱ्या पिक्सेलावर अवलंबून राहतो. 'रु' आणि 'रू' यांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद, 'द्ध'सारखी जोडाक्षरे आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील मराठीचा वैशिष्ट्यपूर्ण अर्धा र यांनाही हीच अडचण येते.

युनिकोडमध्ये अक्षराची नोंद अचूक असली तरी ते पडद्यावर चुकीचे वाचले जाऊ शकते. मुद्रितशोधनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निसटणे, किंवा महाभूलेख संकेतस्थळावरील सातबारा उताऱ्यातील गट क्रमांकात १ आणि ९ यांची गफलत होणे, हे त्याचे व्यावहारिक परिणाम होत.

कमी रिझोल्यूशनची उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक पिक्सेलातील लाल, हिरवा व निळा हे उपपिक्सेल स्वतंत्रपणे वापरण्याची पद्धत आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र याच तत्त्वावर आधारलेले आहे. हे उपपिक्सेल सामान्यतः एकमेकांशेजारी आडवे मांडलेले असल्याने त्यांचा लाभ मुख्यत्वे आडव्या दिशेत होतो. रोमन लिपीतील उभ्या दांड्या त्यामुळे रेखीव दिसतात. शिरोरेषेची जाडी आणि मात्रांमधील अंतर मात्र उभ्या दिशेतील पिक्सेलांवर ठरते. त्यामुळे देवनागरीला या तंत्राचा फायदा मर्यादित मिळतो आणि प्रत्यक्ष पिक्सेल वाढवणे हाच खात्रीचा उपाय उरतो.

### पार्श्वभूमी

भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याच्या प्रयत्नांत पुण्याचा मोठा वाटा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली. खडकीला लागून असलेल्या गणेशखिंड येथील पुणे विद्यापीठाच्या आवारातून तिचे कार्य दीर्घकाळ चालले. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेल्या जिस्ट तंत्रज्ञानाचा पुढील विकास या संस्थेत झाला. जिस्ट कार्ड संगणकात बसवल्यावर डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांत देवनागरी व इतर भारतीय लिप्यांतील मजकूर लिहिता व पाहता येत असे. त्या काळी प्रचलित असलेल्या व्हीजीए प्रणालीचे रिझोल्यूशन ६४० × ४८० होते. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन प्रमाणित झाले.

विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीसाठी मंगल हा टंक समाविष्ट होता. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी त्याची रचना केली होती. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा टंक उपलब्ध झाला.

## पडद्यांचा विकास

सुरुवातीच्या एलसीडी लॅपटॉपांचे पडदे प्रामुख्याने मॅट होते. २००० च्या दशकात चित्रपट पाहण्यासाठी घरगुती लॅपटॉपांचा वापर वाढला आणि चकचकीत पडद्यांचा प्रसार झाला. ॲपलच्या २००६ मधील मॅकबुकला चकचकीत पडदा होता. २०१२ मध्ये याच कंपनीने १५.४ इंची पडद्यावर २८८० × १८०० रिझोल्यूशन, म्हणजे दर इंचात २२० पिक्सेल, असलेला मॅकबुक प्रो आणला. २०२४ मध्ये मॅकबुक प्रोसाठी प्रकाश विखुरणाऱ्या नॅनो-पोताच्या काचेचा पर्याय देण्यात आला.

उन्हात वाचता येणाऱ्या पडद्याचा वेगळा प्रयोग 'प्रत्येक मुलासाठी एक लॅपटॉप' या प्रकल्पाच्या एक्सओ लॅपटॉपमध्ये झाला. मेरी लू जेप्सन यांनी विकसित केलेला त्याचा पडदा ७.५ इंची व १२०० × ९०० रिझोल्यूशनचा होता. खोलीत तो पार्श्वप्रकाशाने रंगीत दिसे. उन्हात मात्र बाहेरचाच प्रकाश परत पाठवून कृष्णधवल मजकूर दाखवी. त्या वेळी त्याची घनता दर इंचात २०० पिक्सेल असे. सूर्यप्रकाश हा या पडद्यासाठी अडथळा नसून साधन होते. महाराष्ट्रात २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत या लॅपटॉपचा पथदर्शी वापर करण्यात आला.

## निवडीचे निकष

* वाचन, लेखन व अभ्यास: मॅट पृष्ठभाग आणि किमान १९२० × १०८० रिझोल्यूशन. मराठी मजकूर नियमित वाचायचा असल्यास १३६६ × ७६८ चा १५.६ इंची पडदा टाळणे इष्ट ठरते. मर्यादित खर्चात याच रिझोल्यूशनचा १४ इंची पडदा अधिक घनता देतो.
* छायाचित्रण व चित्रपट: प्रकाश नियंत्रित असलेल्या खोलीत चकचकीत पडदा चालतो. पृष्ठभागापेक्षा रंगश्रेणी पाहणे आवश्यक असते. तांत्रिक माहितीत '४५ टक्के एनटीएससी' अशी नोंद असलेला पडदा एसआरजीबी रंगश्रेणी पूर्ण दाखवू शकत नाही.
* व्हरांडा, प्रवास व खिडकीजवळचे काम: मॅट पृष्ठभागासह ३०० ते ४०० निट किंवा त्याहून अधिक तेजस्विता.
* दोन्ही गुण एकत्र मिळत नसल्यास: अधिक रिझोल्यूशनला प्राधान्य देणे श्रेयस्कर असते. चकचकीत पडद्यावर नंतर मॅट चिकटफिल्म लावता येते. तिच्यामुळे स्पष्टता किंचित घटते, परंतु काम भागते.

खरेदीपूर्वी परीक्षणासाठी पडदा बंद करून त्यात दुकानातील दिव्यांचे प्रतिबिंब पाहावे. त्यानंतर पडदा सुरू करून जोडाक्षरे असलेला मराठी मजकूर नेहमीच्या अंतरावरून १२ पॉइंट आकारात वाचून पाहावा. दुकानात दाखवण्यात येणाऱ्या चलचित्रांवरून मजकुराच्या स्पष्टतेचा अंदाज येत नाही.

## निगा

पडदा बंद करून मऊ, कोरड्या सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावा. कागदी रुमाल आणि अमोनियायुक्त काचस्वच्छक यांमुळे लेपाला इजा होऊ शकते. मॅट थर जोराने घासल्यास त्याचा पोत झिजून त्या जागी चकाकणारा डाग पडतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही.

## हे सुद्धा पाहा

* पिक्सेल
* प्रकाशाचे परावर्तन
* देवनागरी
* युनिकोड
* प्रगत संगणन विकास केंद्र