पोत्यावर ३२ टक्के, मग झिंगा वाढत का नाही?

आजचा भाग कोडचा नाही, झिंग्यांचा आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, पण मामाचं तळं सिरोंच्यात. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाचं गाव. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. मागच्या महिन्यात मामाचा फोन आला, "अबे, पोत्यावर ३२ टक्के प्रोटीन लिहून हाय. मंग झिंगे वाढून काऊन नाही राहिले? आता ४० टक्केवालं आणू का?"

खाद्य कर्जावर चाललंय, आणि झिंगापालनात मोठा खर्च खाद्याचाच. म्हणून मी वाचायला बसलो.

पहिली गोष्ट. तो ३२ चा आकडा येतो कुठून? नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. याला म्हणतात क्रूड प्रोटीन. आता गंमत बघा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. या हिशोबाने युरियात २८७ टक्के 'प्रोटीन' निघतं! म्हणजे हा आकडा दर्जा सांगतच नाही.

दुसरी गोष्ट. झिंग्याला खरी गरज असते अमिनो आम्लांची. त्यातली १० त्याला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात. आणि इथे बेरीज चालत नाही. जे सगळ्यात कमी, तेच वाढ ठरवतं. समजा, मेथिओनिन गरजेच्या ६० टक्केच आहे. मग बाकीची नऊ भरपूर असली तरी वाढ तिथेच अडते. न वापरलेली आम्लं झिंगा जाळतो आणि त्यांतला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. दुपारी हिरव्या पाण्याचा पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणजे पैसा आपला आणि विषही आपल्याच तळ्यात.

मग ४० टक्केवालं? समतोल तोच असेल तर मेथिओनिन थोडं वाढेल, पण वाया जाणारं आणि अमोनियाही वाढेल.

उपाय आपल्याच ताटात आहे: वरण-भात. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरतात. तसंच, सोयाबीनच्या ढेपेत लायसिन बरं, मेथिओनिन कमी. तिळाच्या ढेपेत बरोबर उलट. भुईमुगाच्या ढेपेत दोन्ही कमी. मासळीच्या भुकटीत दोन्ही चांगली, पण ती महाग.

"मंग मेथिओनिनची पावडरच टाकतो ना वरून!" मामा म्हणाला. थांब मामा. झिंगा दाणा पायांत धरून हळूहळू कुरतडतो. तोवर सुटी पावडर पाण्यात विरघळून जाते. म्हणून ती आवरण दिलेली लागते, आणि दाणाही पाण्यात टिकणारा हवा. ग्लासभर पाण्यात मूठभर दाणे टाकून तासाभराने बघा, लगेच कळतं.

बाकी ऑक्सिजन, बीज, पाणी हीसुद्धा कारणं असू शकतात, तीही तपासायचीच. पण पुढचं पोतं घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा: "लायसिन किती? मेथिओनिन किती?"

मामाने विचारलं. दुकानदार म्हणाला, "कंपनीला विचारून सांगतो." मामा म्हणाला, "मंग पोतं बी तवाच घेतो."

भेटू पुढच्या भागात!