मेळावा खरेदीदारांचा, मशवरा घरातल्यांचा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमागवाले असोत की आमच्यासारखे घाऊक कापडवाले, बाहेरगावचे खरेदीदार एका दिवशी एकत्र बोलवावेत आणि नवा माल दाखवावा, असे पुष्कळांच्या मनात असते. हॉल, जेवण, छापील कार्डे यांची काळजी सर्वजण घेतात. परंतु मेळावा बहुधा यामुळे फसत नाही. तो फसतो आपल्याच पेढीतल्या माणसांना न विचारल्यामुळे.

ही चूक मी स्वतः २०१८ साली केली. मी व माझ्या मुलाने मिळून तारीख ठरवली, २०. जीएसटीचे मासिक विवरण भरण्याचीही तीच अखेरची तारीख. मुनीमजी त्यात अडकले. कोणाची बाकी किती, हे सांगणारा हॉलमध्ये कोणी नव्हता, आणि ज्यांची जुनी उधारी थकली होती त्यांनाच आम्ही नवी मुदत दिली. रंगाईच्या मास्टरांनाही विचारले नव्हते. मांडलेले काही रंग केवळ नमुन्यापुरते रंगवलेले होते. मोठ्या लॉटमध्ये तोच रंग जुळेना. ऑर्डर मिळाली आणि माल परत आला.

याहून मोठे नुकसान वेगळेच झाले. भाईजानांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, तारीख कळली ती छापील कार्डावरून. ते आले, पण मागच्या खुर्चीवर बसून राहिले. जुने खरेदीदार एकमेकांना विचारू लागले, “भाऊ वेगळे झाले की काय?” आठवड्याभरात ही अफवा बाजारात फिरली आणि आमच्या सूतवाल्याने उधारी थांबवून रोख मागितली. तिजारतीत पत जमवायला वर्षे लागतात, जायला एक दिवस पुरतो. मी भाईजानांची माफी मागितली. त्यांनी स्वतः सूतवाल्याकडे जाऊन शब्द टाकला, तेव्हा गाडी रुळावर आली.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. कार्ड छापण्यापूर्वी भागीदार, मुनीमजी, रंगाई मास्टर, मुकादम आणि गोदाम सांभाळणारा, या प्रत्येकाला वेगळे बसवून एकच प्रश्न विचारायचा: “यात तुमची अडचण कोणती?” चारचौघांत नोकरमाणूस मालकापुढे ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून वेगळे बसवायचे. नंतर सर्वांना एकत्र बसवून तारीख, खर्चाची मर्यादा, सवलत किती आणि मुदत किती दिवसांची, हे कागदावर लिहायचे. अखेरचा शब्द कोणाचा, तेही लिहायचे. जो नमुना पुन्हा बनत नाही तो मांडायचा नाही. ज्याचे म्हणणे मान्य झाले नाही, त्याला कारण सांगायचे. मेळावा संपल्यावर हिशेब सर्वांसमोर मांडायचा, आणि हमाल व कारागिरांनाही पाहुण्यांचेच जेवण द्यायचे.

प्रदर्शन परराज्यात असेल आणि तेथे आपली पेढी नसेल, तर विक्रीसाठी जीएसटीची तात्पुरती नोंदणी लागते. अर्ज धंदा सुरू करण्याच्या किमान ५ दिवस आधी करावा लागतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो, आणि ती नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. मुनीमजींना शेवटच्या दिवशी सांगितले तर हे कसे व्हायचे?

बंधूंनो, कुरआन शरीफच्या ४२ व्या सूरहचे नावच शूरा, म्हणजे मशवरा, असे आहे. हिजरी ५ मध्ये मदिनेभोवती खंदक खोदला गेला तो हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने, आणि खोदताना खुद्द अल्लाहचे प्रेषित (स.) आपल्या साथीदारांबरोबर माती वाहत होते. आपण चार माणसांची पेढी चालवणारे. घरातल्यांना विचारण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा?

पुढचा मेळावा भरवाल तेव्हा पहिले कार्ड आपल्या पेढीतल्या माणसांच्या हाती द्या. पाहुण्यांचे नंतर पाहता येईल, इन्शाअल्लाह.