शेक घेऊन आलेल्याला वेगळं ताट कशाला?

नांदेड-परभणीकडून गाडीनं हैदराबादच्या काचीगुड्याला उतरायचं, नात्यातल्या कुणाकडे मुक्काम ठेवायचा आणि रोज रेड हिल्सच्या एमएनजे कॅन्सर रुग्णालयात शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला जायचं, हा रस्ता मराठवाड्यातल्या घरांना अनोळखी नाही. पण मुक्कामाच्या घरात कधी कधी पेशंटचं ताट वेगळं होतं, नातवंडांना लांब ठेवलं जातं. आधीच हादरलेल्या माणसाला हे फार लागतं, आणि त्याला काही आधारही नाही. यंत्रानं बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच हे. नातवाला मांडीवर खुशाल बसवावं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांना, किंवा अंगात किरणोत्सारी स्रोत ठेवलेल्यांना मात्र काही काळ अंतर पाळावं लागतं. ते किती, हे रुग्णालय सांगतं.

‘भाजल्यासारखं झालंय, म्हणजे मशीनचा चटका बसला,’ असंही म्हणतात. तसं नसतं. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो आणि पुढे विभागताना ती पेशी मरते. म्हणून कातडी सहसा दोन-तीन आठवड्यांनी लाल-काळी पडते, आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो. त्यावर हळद, तेल, बाम, बर्फ काहीही लावू नये. कोमट पाणी, सौम्य साबण, सैल सुती कपडे पुरेत. कातडी सोलून पाणी सुटलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

‘शेक संपला, त्रास संपला’ हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्याच्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होऊ शकतो. काही वर्षांनी गल्लीतल्या दवाखान्यात दाढ उपटली, तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. म्हणून दातांची कामं शेक सुरू होण्याआधी उरकावीत आणि पुढे जन्मभर प्रत्येक दंतवैद्याला जुनी फाइल दाखवावी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या बाईला काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचावाटे रक्त गेलं, तर मूळव्याध समजून घरगुती औषध घेत बसू नये. ती आतड्याला झालेली किरणांची इजा असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

किरणांच्या अपघाताची गोष्ट वेगळी. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं गॅमा यंत्र लिलावातून भंगारात गेलं. ते फोडल्यावर आतला कोबाल्ट-60 कामगारांच्या हाती लागला. एकजण दगावला, पण बाकीचे उपचारांनी वाचले. म्हणजे अशा वेळी काहीच करता येत नाही, हेही खरं नाही. उलट्या किती वेळात सुरू झाल्या आणि रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी किती वेगानं घटल्या, यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज बांधतात. मग जंतुसंसर्ग आवरणं, रक्त देणं, अस्थिमज्जेला चालना देणारी इंजेक्शनं. अंगावर किरणोत्सारी धूळ बसली असेल, तर कपडे उतरवल्यानंच ती बरीचशी जाते. मोठी जखम असेल, तर आधी जीव वाचवायचा आणि धुणं नंतर.

आयोडीनची गोळी सगळ्या किरणांपासून वाचवते, हेही चूक. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त थायरॉइडला वाचवते. मायापुरीत तिचा काही उपयोग नव्हता.